आठशे मीटरच्या पुढं

पोलीस भरतीसाठी मी पाच वेळा मैदानात उतरले आणि पाचही वेळा हात हलवत घरी आले. एकदा एका गुणानं राहिले, एकदा दोन गुणांनी. उरलेल्या तीन वेळा किती कमी पडले ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. मग तेहेतीस पूर्ण झाली आणि वयाची अट संपली. त्या दिवशी घरात कोणी काही बोललं नाही. आईच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं होतं, त्यावरही कोणी बोललं नाही. 

भरतीत बायांना आठशे मीटर धावावं लागतं. पूर्ण गुण हवे असतील तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत. मी कधी दोन छप्पन्न, कधी दोन अठ्ठावन्न. ऐकणाऱ्याला वाटतं, सहा सेकंद म्हणजे काय, डोळ्यांची चार-पाच वेळा उघडझाप. मी बारा वर्षं त्या सहा सेकंदांच्या मागे होते. माझ्या वयाच्या बाया तोवर दोन-दोन पोरांच्या आया झाल्या आणि मला रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, 'अजून धावूनच राहिली काय वं?' मी म्हणायची, 'हो, तुमच्यासारखं बसून नाही राहिली.' असं बोलल्यावर मन थोडा वेळ बरं असायचं. फार वेळ नाही.

मी एकटी धावले नाही हे मात्र सांगायला हवं. बाबा धानाची शेती करतात, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर. कालव्याला आमच्याकडे नहर म्हणतात, आणि नहराच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, एक कच्चा रस्ता जातो. पहाटे साडेचारला तिथं काळाकुट्ट अंधार. साप, कुत्री, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत अस्वलाचीही भीती. म्हणून बाबा मोपेड घेऊन माझ्या मागे यायचे आणि तिच्या दिव्याच्या उजेडात मी धावायची. पाण्याच्या गेटापासून एका पळसापर्यंत त्यांनी शेत मोजायच्या टेपनं आठशे मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. पावसानं धुतली की परत मारायचे. गळ्यात दोरीनं स्टॉपवॉच आणि खिशात शिट्टी. शिट्टी वाजली की मी निघायची, पळस आला की थांबायची, कमरेवर हात ठेवून धापा टाकायची आणि मागून बाबांचा आवाज यायचा, 'दोन सत्तावन.' त्यांनी कधी रागानं सांगितलं नाही आणि कधी खोटंही सांगितलं नाही. एखाद्या दिवशी थोडं खोटं सांगितलं असतं तर मला चाललं असतं.

वय संपल्यावर माझ्यापुढे दोनच गोष्टी उरल्या. एक म्हणजे भावाचं दुकान. सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला त्याचं दुकान आहे, ट्रकवाल्यांना दोरी, ताडपत्री, ग्रीस आणि बिस्किटं विकतो. भाऊ वाईट नाही. 'ताई, काउंटर तुलेच ठेवला आहे, सावलीत बसजो,' असं तो मायेनंच म्हणाला होता. पण मला ते ऐकूनच धसका बसला. त्या काउंटरमागे एकदा बसले की मी तिथेच म्हातारी होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुसरी गोष्ट गोंदियातल्या अकॅडमीची. भरतीची तयारी करून घेणारी ही अकॅडमी फौजेतून निवृत्त झालेल्या एका सरांची. मी तिथं तीन वर्षं शिकले होते. नंतर रविवारी जाऊन लहान पोरींना मैदानावर धावायला शिकवायची, फुकटच. सर माझ्यावर खूश होते. पोरींची संख्या वाढली, तेव्हा मैदानावर बाईमाणूस ट्रेनर पाहिजे असं आईबाप म्हणायला लागले. मी सरांना सरळ विचारलं, मला ठेवता का. सरांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. तिथे निवड झालेल्या सगळ्यांचे फोटो आहेत, खाकीतले.

'देख बेटा,' सर म्हणाले, 'आईबाप आत आले की आधी हा बोर्ड पाहतात. मग विचारतात, ट्रेनर मॅडमचा फोटो कुठे आहे? मैं क्या बोलूँ?'

 सर बराच वेळ पेन वाजवत बसले. मग त्यांनीच तोडगा काढला. जानेवारीत गोंदियात हाफ मॅरेथॉन होती. एकवीस किलोमीटर. त्यात बायांमध्ये मी पहिल्या पाचांत आले तर ट्रॉफीसकट माझा फोटो बोर्डावर लागणार, आणि फेब्रुवारीपासून पोरींचं मैदान माझ्या हातात. 'उसमें उमर नहीं देखते,' ते म्हणाले. त्या एका वाक्यावर मी तीन महिने काढले.

एकवीस किलोमीटर म्हणजे नहराच्या पाळीवर किती हे आम्हा बापलेकीला माहीतच नव्हतं. पण धान कापून झालं होतं, वेळ होता. मोबाइलवर बघून मी शिकले की लांब धावायचं तर सुरुवात हळू करावी लागते, इतकी हळू की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. मी बोलत धावायला लागले. पंचाईत मोपेडची झाली. तिला एवढं हळू चालता येईना. ती डुगडुगायची, बंद पडायची, बाबा दोन्ही पाय जमिनीला टेकवत मागून यायचे आणि वैतागायचे.

'एवढ्या हरू तं म्हैस बी चालते गा माय.'

'म्हशीलेच जिंकाचं आहे, बाबा,' मी म्हणायची.

आम्ही हसायचो. खरं सांगायचं तर बारा वर्षांत धावताना मी हसले ते याच तीन महिन्यांत. पाच किलोमीटर झाले, मग दहा, मग चौदा. शेवटी एका सकाळी सोळा धावले, आणि पाय दुखले पण जीव घाबरा झाला नाही. उजाडलं होतं, नहराच्या कडेला बगळे उतरले होते आणि बाबा मोपेड ढकलत येत होते, कारण पेट्रोल संपलं होतं. मला वाटलं, होईल. आपल्याला हे जमतं. आपण आठशेच्या नव्हतोच, लांबच्या होतो, उगाच बारा वर्षं चुकीच्या शर्यतीत गेली. असं वाटून घेणं किती महागात पडतं ते मला कळायला हवं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही दुपारच्या पॅसेंजरनं गोंदियाला गेलो. मी अकॅडमीच्या होस्टेलवर पोरींसोबत झोपले, बाबांना सरांनी ऑफिसात सतरंजी दिली. सकाळी मैदानावर पोचलो तर थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ढोलवाले, लाउडस्पीकर, हवा भरून उभी केलेली रंगीत कमान. निवेदक हिंदीत गोंदियाच्या जनतेचं कौतुक करत होता आणि मध्येच मराठीत 'मित्रांनो' म्हणत होता. टी-शर्ट एकाच मापाचे, पुरुषांच्या मापाचे. माझा गुडघ्यापर्यंत आला, मी गाठ मारून घेतली. बाबांनी माझा स्वेटर घडी करून काखेत धरला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, 'डोकं शांत ठेवजो.'

मैदानावर निम्म्याहून जास्त आमच्यासारखेच होते. गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी, सगळीकडच्या अकॅडम्या आपापली पोरं-पोरी घेऊन आल्या होत्या. कडक दोरीसारखे पाय, कापलेले केस, जुने बूट. उरलेले हौशी. बँकेतले, शाळेतले, दवाखान्यातले, कपड्याच्या दुकानांचे मालक आणि त्यांच्या बायका. दोघी तर साडीवर बूट घालून आल्या होत्या आणि फोटो काढत होत्या. मी त्यांच्याकडे पाहून मनात हसले होते. तेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

माझ्या शेजारी अकॅडमीची एक पोरगी होती, एकोणीस वर्षांची, माझ्याच हाताखाली श्वास कसा घ्यायचा ते शिकलेली. तिच्या मनगटावर नवं घड्याळ होतं, अंतर आणि वेळ दोन्ही दाखवणारं. मी तिला आणि आजूबाजूच्या सगळ्या पोरींना बजावून सांगितलं, 'कुणी पुढं पळायचं नाही. पहिले पाच किलोमीटर गप्पा मारत. कळलं?' 'हो ताई,' सगळ्या म्हणाल्या.

मग पुढची माणसं सरकली आणि मला सुरुवातीची जागा दिसली. जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ होती. रेघेच्या दोन्ही टोकांना बंदोबस्ताचे पोलीस उभे होते, खाकीत, एकाच्या हातात झेंडी आणि एकाच्या तोंडात शिट्टी. त्यानं दुसरं काही केलं नसतं, नुसता हात वर केला असता, किंवा निवेदकानं हिंदीत एक दोन तीन म्हटलं असतं, तर कदाचित वेगळं झालं असतं. पण त्यानं शिट्टी वाजवली.

मी निघाले. 'मी' म्हणणंही चूकच आहे, पायच निघाले. डोक्यात तीन महिन्यांचं सगळं होतं, हळू, हळू, गप्पा मारत. पण चुन्याची रेघ, खाकी आणि शिट्टी हे तिन्ही एकत्र आलं की काय करायचं ते पायांना बारा वर्षांपासून पाठ होतं. मी हौशी लोकांना कोपर मारून पुढे गेले. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडताना बायांमध्ये माझ्यापुढे कुणी नव्हतं. डाव्या हाताला गर्दीत बाबा दिसले, काखेत स्वेटर, तोंड उघडं. वारा कानात वाजत होता. मला फार, फार बरं वाटत होतं. त्या तीन मिनिटांत मी जेवढी सुखी होते तेवढी मी नंतर झालेले नाही.

आणि मग मी थांबले. कुणी थांबवलं नाही. आमगावच्या रस्त्याला लागल्यावर एका राइस मिलचं फाटक आहे, त्याच्या समोर माझे पाय आपोआप थांबले, हात कमरेवर गेले आणि मी वाकून धापा टाकायला लागले. डोकं वर करून पाहिलं तर माझ्या मागून येणाऱ्या पोरी एकेक करून त्याच जागी थांबत होत्या. आमगावच्या, तिरोड्याच्या, देवरीच्या. वीस-पंचवीस पोरी, सगळ्या कमरेवर हात ठेवून, सगळ्या वाकलेल्या, एकाच ठिकाणी. तिथं रेघ नव्हती, पाटी नव्हती, काहीच नव्हतं. आम्हाला कुणाला मोजायची गरज पडली नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या अकॅडम्यांनी आमच्या अंगात आठशे मीटर असे काही भरले होते की बरोबर तिथंच आमची शर्यत संपली.

ती एकोणीस वर्षांची पोरगी माझ्याशेजारी येऊन थांबली होती. तिनं धापा टाकत घड्याळ बघितलं आणि ओरडली, 'ताई! आठशे दाखवून राहिलं! दोन पन्नास! आणि तुम्ही तं माह्या पुढं होत्या!'

 म्हणजे माझे दोन अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. पूर्ण गुण. चौतिसाव्या वर्षात, आमगाव रोडवर, मिलच्या फाटकासमोर. गेल्या बारा वर्षांत कधीही हे झालं असतं तरी चाललं असतं. मला ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडावंसंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही, कारण मागून हौशी लोक आले होते. ते गप्पा मारत होते. साडीतल्या दोघी आमच्या बाजूनं दुडक्या चालीनं गेल्या आणि त्यातली एक हसून म्हणाली, 'क्या हुआ बेटा, थक गए?' अजून वीस किलोमीटर उरले होते.

त्या पुढं काय झालं हे धावणाऱ्याला सांगायची गरज नाही. मिलच्या चिमणीतून भुशाची काळी राख उडत होती, ती घामावर चिकटत होती. उकडलेल्या धानाचा वास, जो मला एरवी आवडतो, त्या दिवशी नकोसा झाला. मी परत धावायला लागले, पण पायांत शिसं भरल्यासारखं झालं होतं. जे सोळा किलोमीटर पाळीवर बोलत बोलत झाले होते, त्यांतले सहा करताना नाकी नऊ आले. थोडं पुढे गेल्यावर भरतीचे पोट्टे दिसले, कमरेवर हात ठेवून थांबलेले. पोरांना भरतीत सोळाशे असतात. ते सोळाशेला थांबले होते. मला तेव्हाही हसू आलं, पण ते हसू चांगलं नव्हतं.

आमच्यातल्या बऱ्याच पोरी सावरल्या. विशीतलं शरीर माफ करतं. ती एकोणीस वर्षांची पोरगी दोन मिनिटं उभी राहिली, पाणी प्याली आणि मला म्हणाली, 'ताई, चला ना, हळूहळू जाऊ.' मी म्हटलं, 'तू हो पुढं.' ती थांबेना, माझ्यासोबत रेंगाळायला लागली, तेव्हा मी तिच्यावर खेकसले. 'जा म्हटलं ना! कायले थांबून राहिली?' ती गेली. ते एक काम मी त्या दिवशी बरोबर केलं, आणि केलं तेही रागानं.

परत फिरायच्या जागेच्या अलीकडे माझं धावणं संपलं आणि चालणं सुरू झालं. उजव्या पोटरीत गोळा आला होता. वळणावर टेबल, पाण्याचे ग्लास आणि बंदोबस्ताला एक महिला कॉन्स्टेबल. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दहा वर्षांपूर्वी आम्ही एकाच मैदानात, एकाच गटात धावलो होतो. यादीत ती शेवटून दुसरी होती आणि मी यादीच्या बाहेर पहिली.

'अवं, तू?' ती म्हणाली. 'तू अजून बी धावतं?'

'हो.'

'मी तं भरती झाल्यापासून एक दिवस नाई धावली, बाप्पा,' असं म्हणून ती हसली आणि तिनं स्वतःच्या पोटावर हात मारला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं मला खुर्ची दिली, दोन केळी दिली, थकलेल्यांना मागून गोळा करत येणारी गाडी दाखवली आणि म्हणाली, 'बस त्यात. काऊन जीव देऊन राहिली?'

गाडीत आधीच तीन पोरी बसल्या होत्या, मान खाली घालून. मी बसले नाही. यात जिद्द वगैरे काही नव्हती. पहिल्या पाच बाया मला केव्हाच समोरून परत येताना दिसल्या होत्या. मला नुसतं त्या गाडीतून बाबांसमोर उतरायचं नव्हतं. म्हणून मी चालले. दहा किलोमीटरहून जास्त, भर उन्हात, उलट येणाऱ्या ऑटोंच्या आणि धानाच्या ट्रॅक्टरच्या मधून, कारण तोवर रस्ता रहदारीला खुला झाला होता. ऑटोवाले मला सवारी समजून थांबत होते. चालताना मी सगळ्यांना शिव्या घातल्या. शिट्टीवाल्याला, सरांना, त्या बोर्डाला, चुन्याला. बाबांनाही घातल्या, पळसापर्यंत मोजून दिल्याबद्दल. नंतर शिव्या संपल्या आणि मी नुसती चालत राहिले.

मैदानावर पोचले तेव्हा कमानीतली हवा काढणं सुरू होतं. मेडल संपली होती. टेबलावरच्या माणसानं मला प्रमाणपत्र दिलं, त्यावर नावाची जागा कोरी होती. 'नाम घर जाके लिख लेना मॅडम,' तो म्हणाला. बाबा एकटे उभे होते, काखेत स्वेटर तसाच.  बक्षिसं वाटली जाताना ते तिथंच होते, त्यांना सगळं माहीत होतं.

'सुरवातीले तूच पुढं होती,' ते म्हणाले. 'मी पाह्यलं. सगळ्याईच्या पुढं.'

मी मान हलवली. मला ते ऐकवत नव्हतं.

सर पोरींच्या घोळक्यात होते. ती एकोणीस वर्षांची पोरगी बायांमध्ये चौथी आली होती. पहिल्या तिघींमध्ये एक शाळेतली शिक्षिका, एक बँकेतली आणि एक दवाखान्यातली. त्यांपैकी कुणालाही धावून काहीच मिळवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी धावायची घाई केली नव्हती. पोरगी हातातली ट्रॉफी सांभाळत माझ्याकडे आली, पाया पडायला वाकली आणि 'ताई, तुम्हीच शिकवलं' म्हणाली. मी तिला उठवून जवळ घेतलं. मला तिचा आनंद झाला होता आणि तिचा हेवाही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरं होतं.

सरांनी मला बाजूला घेतलं.

'तुझे तो सब मालूम था,' ते म्हणाले. 'तूच पोरींना सांगितलं, हळू जा म्हणून. मी ऐकलं. मग पहिल्या आठशे मीटरला तू काय करत होतीस?'

'भरती देत होते, सर,' मी म्हटलं.

सर हसले, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले. माणूस वाईट नाही. त्यांनी बराच वेळ बुटाच्या टोकानं माती उकरली. नागपूरहून एक मॅडम यायला तयार आहेत, खेळाडू कोट्यातून पोलिसात लागलेल्या, आता नोकरी सोडलेल्या, असं ते म्हणाले. 'रविवारी तू येत जा पहिल्यासारखी. तुझी जागा आहेच.' फुकट धावायला माझी जागा होती. मी 'बघते सर' म्हटलं आणि वळले. वळल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना नमस्कार करायची विसरले. बारा वर्षांत हे पहिल्यांदा झालं होतं.

आम्ही स्टेशनवर आलो. बाबांनी मला बाकावर बसवून समोसे आणले, दोन मला आणि एक स्वतःला. पॅसेंजर उशिरानं सुटली. डब्यात बीडीचं सामान घेऊन चाललेल्या चार बाया होत्या आणि खिडकीची जागा मोकळी होती, तरी बाबा माझ्याशेजारीच बसले. बाहेर कापलेल्या धानाची रिकामी बांधी, बांधाबांधाची शेतं, मागे जात होती, मधूनच उन्हाळी धानाच्या पऱ्ह्याचा, लावणीच्या रोपांचा, एखादा हिरवा तुकडा. मी पाय समोरच्या बाकावर ठेवले होते आणि बाबा न विचारता माझी पोटरी दाबत होते. मी लहान असताना दाबायचे तशी. बायांनी पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

मी ठरवून बोलले, कारण नंतर बोलवलं नसतं. 'बाबा, मी सोमवारपासून भावाच्या दुकानात जाते.'

'बरं,' ते म्हणाले.

पुढचं स्टेशन गेलं. मग त्यांनी विचारलं, 'मंग उद्या किती वाजता उठवू?'

'नका उठवू बाबा आता. झालं ते. संपलं.'

त्यांचा हात थांबला. मला वाटलं ते समजूत घालतील, किंवा आईसारखं म्हणतील की बरं झालं, सुटली एकदाची. ते खिडकीबाहेर बघत होते. गळ्यात स्टॉपवॉच होतंच, त्याची दोरी त्यांनी बोटाला गुंडाळली होती. बासष्ट वर्षांचा माणूस, बारा वर्षं रोज माझ्याआधी उठलेला.

'मंग मी सकारी का करू?' ते म्हणाले.

इतका वेळ मी स्वतःच्याच दुःखात होते. माझं काय गेलं तेवढंच मी धरून बसले होते, यांचीही रोजची सकाळ जात असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.  'झोपा,' मी म्हटलं. 'झोपाचं.'

दुसऱ्या दिवशी चार वाजता मला जाग आली. भिंतीपलीकडे बाबांची खाट करकरली, मग करकरायची थांबली. आम्ही दोघंही जागे होतो, आणि दोघांपैकी कोणीच दिवा लावला नाही.